इस्टिमेट नको, एमबी दाखवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या महिन्यात प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या उपचारांची माहिती आली होती. शस्त्रक्रिया, बाहेरून द्यायचं रेडिएशन, हार्मोनची इंजेक्शनं आणि अगदी शेवटी चार ओळींत 'किरणोत्सारी दाण्यांचं रोपण', म्हणजे ब्रॅकीथेरपी. खर्च दिला होता, किती दिवस दवाखान्यात राहावं लागतं तेही होतं. पण हा सगळा उपचार ज्यावर उभा आहे त्या मापाबद्दल अवाक्षर नव्हतं. म्हणून हे पत्र.

माझं वय ७१. नोकरी वजनमापे निरीक्षकाची. २००९ च्या कायद्याने खात्याला 'वैधमापनशास्त्र' असं भारदस्त नाव मिळालं, पण लासलगाव-पिंपळगावच्या आडत्यांच्या तोंडी आम्ही शेवटपर्यंत 'वजनमापेवाले साहेब'च होतो. कांद्याच्या काट्यापासून पेट्रोल पंपाच्या नोझलपर्यंत सगळं तपासून शिक्के मारण्यात हयात गेली. दोन वर्षांपूर्वी रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराची चाहूल देणारा आकडा) वाढलेला निघाला, बायोप्सी झाली आणि मुंबईतल्या एका रुग्णालयात माझ्या प्रोस्टेटमध्ये आयोडीन-१२५ चे ७४ दाणे बसवले. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण डॉक्टरांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. तब्येत ठीक आहे. म्हणणं आहे ते कागदाबद्दल.

हा एक दाणा जिऱ्याएवढा असतो. साडेचार मिलिमीटर लांब, पाऊण-एक मिलिमीटर जाड, वरून टायटॅनियमचं कवच. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत भोकांच्या जाळीतून सुया घालतात आणि त्यांच्यामार्फत दाणे जागेवर सोडतात. ते कायमचे आतच राहतात. आयोडीन-१२५ ची ताकद ५९.४ दिवसांनी निम्मी होते, पुढच्या तेवढ्याच दिवसांनी पाव होते. वर्ष उलटलं की जेमतेम दीड टक्का उरते. एवढ्या काळात मिळून प्रोस्टेट ग्रंथीला १४५ ग्रे डोस पोचवायचा असतो. ग्रे म्हणजे शरीरात किती किरण मुरले ते मोजायचं एकक.

रोपणाच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "हे १४५ मोजतं कोण?" ते हसले आणि म्हणाले, "आमच्या फिजिसिस्ट मॅडम आहेत, त्यांच्याकडे पाठवतो." मॅडम म्हणजे तिशीतली एक मुलगी. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केलेली. तो अभ्यासक्रम १९६२ पासून चालू आहे, आणि देशभरच्या कर्करोग रुग्णालयांतल्या फिजिसिस्टांत तिथून शिकून आलेले पुष्कळ आहेत, हे मला तिच्याकडूनच कळलं. वजनमापेवाला म्हटल्यावर ती खुलली. "काका, मग तुम्हाला माझं काम दोन मिनिटांत कळेल. दारात उभे राहा, आत येऊ नका," म्हणाली.

टेबलावर एक जाडजूड धातूचा डबा होता. वरून मधोमध विहिरीसारखं भोक, म्हणून त्याचं नाव वेल चेंबर. चिमट्याने एक दाणा उचलून तिने नळीतून विहिरीत सोडला. शेजारच्या यंत्रावर आकडे सरकू लागले. डब्यातल्या हवेत किरणांमुळे जो बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो तो ते यंत्र मोजतं. ही हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते, म्हणून भिंतीवरचा दाबमापक आणि तापमापक बघून आकड्यात दुरुस्ती करायची. एकूण ८० दाणे आले होते, त्यांतले ८ तिने असे मोजले. दाण्यांबरोबर उत्पादकाचं प्रमाणपत्र येतंच, पण त्यावर विसंबायचं नाही, निदान दहा टक्के दाणे वापरणाऱ्याने स्वतः मोजायचे, ही अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिन या संघटनेची जुनी शिफारस आहे. फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर उत्पादकाला गाठून आधी त्याचा उलगडा करायचा. माझ्या दाण्यांचा फरक १.८ टक्के आला.

पेट्रोल पंपावर आम्ही ५ लिटरच्या मापात २५ मिलिलिटरपर्यंत चूक चालवून घेत होतो, म्हणजे अर्धा टक्का. माझ्या मानाने तिचे पाच टक्के सैलच वाटले आणि मी तसं म्हणूनही टाकलं. ती म्हणाली, "काका, तुमचं पेट्रोल मोजून होईपर्यंत कमी होत नाही. माझा माल चालताबोलता आटतो."

हे मात्र मला लगेच पटलं. लासलगावच्या चाळीत मार्चमध्ये भरलेला कांदा ऑगस्टमध्ये त्याच वजनाचा निघाला, असं कुणी सांगितलं तर आम्ही आधी काटा तपासू. दाण्यांचंही तसंच. मागणी नोंदवताना अमुक तारखेला अमुक ताकद असं सांगावं लागतं. माझ्या लघवीत जंतू निघाले म्हणून रोपण एक आठवडा पुढे गेलं, तेवढ्यात दाणे जवळपास ८ टक्क्यांनी उतरले होते. मॅडमनी सगळा हिशेब नव्याने मांडला आणि दाण्यांची संख्या वाढवली. डॉक्टरांनी त्यावर सही केली. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. पण ते माझ्या डिस्चार्ज कार्डावर नाही.

आता जरा एककांची गंमत सांगतो. माझी आजी मरेपर्यंत शेर-पायलीत बोलायची. दुकानदार किलोत द्यायचा, आणि त्या दोन्हींच्या मधल्या सांदीत त्याचं फावायचं. या दाण्यांच्या धंद्यात अजूनही तसंच आहे. जुनी मंडळी दाण्याची ताकद मिलिक्युरीत सांगतात. प्रमाण पद्धत वेगळी आहे, हवेतल्या परिणामावरून ठरवलेली, आणि तिच्या एककाला नुसतं 'यू' म्हणतात. आयोडीन-१२५ साठी १ मिलिक्युरी म्हणजे १.२७ यू. मागणी एका एककात आणि हिशेब दुसऱ्यात झाला, तर एका दमात पाव हिश्शाहून मोठी चूक! अमेरिकेत असे गोंधळ खरोखर झाले, आणि २००९ मध्ये तिथल्या अणुनियामक आयोगाला त्याबद्दल सगळ्या रुग्णालयांना लेखी सावध करावं लागलं.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. १९९५ च्या आधी आयोडीनच्या रोपणाला १६० ग्रे लिहायचे. त्या वर्षी हिशेबाची नवी, सुधारलेली रीत आली. तिला टीजी-४३ म्हणतात. तिने मोजल्यावर कळलं की आपण ज्याला १६० म्हणत होतो ते खरं तर १४४ च होते. दाणे तेच, रोपण तेच, रुग्णही तसेच बरे होत होते. फक्त फूटपट्टी चुकीची होती. तेव्हा ज्याने नवी पट्टी घेतली आणि आकडा मात्र जुनाच ठेवला असता, त्याने रुग्णाला अकरा टक्के जादा भाजलं असतं. २०१९ मध्ये किलोग्रॅमची व्याख्या बदलली तेव्हा आम्ही निवृत्त लोक व्हॉट्सअॅपवर आठवडाभर वाद घालत होतो. त्याने कुणाच्या पिशवीतल्या साखरेत चिमूटभरही फरक पडला नाही. इथे माणसाच्या गुदाशयापासून काही मिलिमीटरवर काम चाललेलं असतं.

मी तिला आमचा नेहमीचा प्रश्न विचारला: "तुमचं माप कुणी पास केलं?" आमच्याकडे उतरंड असते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ५७ क्रमांकाचा किलो, त्यावरून खालची प्रमाणं, त्यांवरून निरीक्षकाची वजनं आणि मग दुकानदाराची. तिने कपाटातून कागद काढला. किरणांच्या मापाचं राष्ट्रीय प्रमाण भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे, तिच्या चेंबरचं प्रमाणीकरण त्याच्याशी जोडलेलं होतं, तारीख दीड वर्षापूर्वीची. अमेरिकन संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दर दोन वर्षांनी ते पुन्हा करून घ्यायचं. वाण्याच्या लोखंडी वजनांनाही आपल्या नियमात हीच मुदत आहे, २४ महिने. फरक एवढाच की वाण्याला पडताळणीचं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं दुकानात लावावं लागतं. चेंबरचं प्रमाणपत्र कपाटात होतं, आणि मी वजनमापेवाला नसतो तर ते तिथेच राहिलं असतं.

रोपण झालं. शुद्धीवर होतो, कमरेखालचा भाग बधिर. मला हलवल्यावर मॅडम हातातलं सर्व्हे मीटर, म्हणजे किरण हुडकणारं यंत्र, घेऊन टेबल, चादरी, कचऱ्याची बादली, फरशी असं सगळं फिरवून आल्या. एखादा दाणा सांडला तर? नंतर कधीतरी त्यांनी १९९२ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना गावी दुसऱ्या प्रकारच्या ब्रॅकीथेरपीत, म्हणजे तारेच्या टोकाला जबरदस्त ताकदीचा स्रोत लावून तो आतबाहेर करतात त्या प्रकारात, तार तुटून स्रोत रुग्णाच्या शरीरात राहिला. भिंतीवरचा अलार्म वाजत होता. 'हा नेहमीच उगाच वाजतो' म्हणून लोकांनी लक्ष दिलं नाही आणि हातातलं मीटर कुणी फिरवलं नाही. वृद्ध बाई पाच दिवसांनी गेली. स्रोत सापडला तो कचऱ्याच्या गाडीने दुसरीकडचा अलार्म वाजवला तेव्हा. बंद पडलेला काटा परवडला, पण ज्याच्यावरचा विश्वास उडालाय तो काटा नको, असं आमचे एक वरिष्ठ म्हणायचे.

घरी सोडताना एक छोटी शिशाची डबी दिली. पहिले काही दिवस लघवी गाळून बघायची, दाणा आला तर बोटांनी उचलायचा नाही, चमच्याने डबीत टाकायचा. सौभाग्यवतींनी चहाची जुनी गाळणी 'कायमची तुमची' म्हणून देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी खरोखरच एक दाणा आला. तो घेऊन मी मुंबई गाठली. मॅडमनी नोंदवहीत माझ्यासमोर लिहिलं: आले ८०, रोपले ७४, शिल्लक ६, परत १. असा हिशेब बघून जीव कसा थंड होतो, ते निरीक्षकालाच कळेल.

आणि आता मुद्द्याचं. रोपण झालं त्या दिवशीचा १४५ हा आकडा म्हणजे इस्टिमेट. सुयांनी ग्रंथी सुजते, दाणे सरकतात, एखादा वाहून जातो. खरा डोस किती बसला हे सूज उतरल्यावर सीटी स्कॅन काढून, एकेक दाणा शोधून मोजावं लागतं. आयोडीनसाठी ती वेळ रोपणानंतर साधारण एक महिना, आठवडाभर मागेपुढे. त्याच अमेरिकन संघटनेच्या २००९ च्या टीजी-१३७ या अहवालात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यातून जे आकडे निघतात त्यांतला मुख्य आकडा 'डी-९०'. ग्रंथीचा सगळ्यात कमी डोस मिळालेला दहावा हिस्सा बाजूला ठेवला, तर उरलेल्या नव्वद टक्क्यांना निदान किती ग्रे मिळाले, तो हा आकडा. दुसरा आकडा गुदाशयाला किती लागलं त्याचा. बांधकाम खात्यात इस्टिमेटवर ठेकेदाराचं बिल निघत नाही. मोजमाप पुस्तकावर, एमबीवर निघतं. हा स्कॅन म्हणजे रोपणाची एमबी.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: 'तीन महिन्यांनी पीएसए.' स्कॅनचा उल्लेख नव्हता. मॅडमनी तोंडी सांगितलं होतं म्हणून मी ३२ व्या दिवशी स्वतःहून जाऊन उभा राहिलो. स्कॅन झाला. अहवाल मागितला तर खिडकीवरचा माणूस म्हणतो, "साहेब, तो इंटर्नल कागद आहे, पेशंटला देत नाहीत." तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला मी माझं जुनं ओळखपत्र दाखवलं, जे दाखवायचा मला काही अधिकार नव्हता. एक पान मिळालं. डी-९० होता १४९ ग्रे. झालं, एवढंच पाहिजे होतं. त्यात गुपित काय होतं?

माझ्याच आठवड्यात रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी तिथेच रोपण करून गेले. वॉर्डात ओळख झाली, फोन चालू राहिले. चार महिन्यांनी बोलता बोलता मी विचारलं, "अण्णा, तुमचा डी-९० किती?" ते म्हणाले, "पीएसए उतरतोय म्हणाले, बाकी काही सांगितलं नाही." त्यांचा स्कॅन झालाच नव्हता. लांबचा माणूस, कोणी फोन केला नाही, यांना माहीत नव्हतं. चार महिने म्हणजे दाण्यांची ताकद दोनदा निम्मी झाली, पाऊण डोस देऊन संपला. महिनाभराने बघितलं असतं तर जेमतेम तीस टक्के संपला असता, आणि कुठे कमी पडलंय असं दिसलं असतं तर भरपाईचा विचार वेळेत करता आला असता. मॅडमना मी फोन केला तर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "काका, दोन मशीन, एक मी. यादी मी ठेवते, पण बोलवायचं काम ओपीडीचं आहे." त्यांचा दोष मी धरत नाही. एका निरीक्षकाकडे चार तालुके देणारं खातं मी पाहिलेलं आहे.

न मोजल्याने काय होतं त्याचं उदाहरण जगाला माहीत आहे. फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात २००२ ते २००८ या काळात ११६ रोपणं झाली. त्यांतली नव्वदहून अधिक चुकलेली निघाली. कुठे ग्रंथीला डोस कमी, कुठे दाणे भलत्याच जागी. मधले वर्षभराहून अधिक काळ रोपणानंतरचा डोस मोजलाच जात नव्हता, कारण स्कॅनची माहिती हिशेबाच्या संगणकाकडे पोचवणारी जोडणी बंद होती. बंद आहे हे माहीत असून रोपणं चालू राहिली! २००८ मध्ये एका रुग्णाला कमी ताकदीचे दाणे गेल्याचं उघड झालं आणि त्यावरून मागचे कागद उपसले तेव्हा हे बाहेर आलं. नियामक आयोगाने २ लाख २७ हजार ५०० डॉलरचा दंड सुचवला. पुढे तिथे चूक कशाला म्हणायचं याचा नियमच बदलला. २०१८ च्या नियमात मुख्य भर डोसऐवजी रोपलेल्या दाण्यांच्या एकूण ताकदीवर आहे. डॉक्टरांच्या दृष्टीने ते सोयीचं असेल. पण दुकानातून पोतं किती किलोचं निघालं ते मोजायचं आणि घरी किती पोचलं ते विचारायचं नाही, असा तो प्रकार मला वाटतो.

आपल्याकडे या सगळ्यावर अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, १९८३ पासून. कार्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला. मंडळाच्या परवान्याशिवाय आणि किरणोत्सारी सुरक्षा अधिकाऱ्याशिवाय रुग्णालयाला दाणा आणता येत नाही. हे दाणे परदेशातूनच आणावे लागतात असंही नाही, भाभा केंद्राने 'ऑक्युप्रोस्टा' नावाचे स्वतःचे बनवलेत, डोळ्याच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी. म्हणजे माप आहे, माल आहे, नियामक आहे. नाही ती गिऱ्हाइकाच्या हातात पावती. मंडळाला माझी विनंती आहे की दाण्यांची मोजलेली ताकद, चेंबरच्या प्रमाणीकरणाची तारीख, डी-९० आणि गुदाशयाचा डोस हे चार आकडे रुग्णाच्या हातात लेखी पडलेच पाहिजेत. महिन्याच्या स्कॅनची तारीख डिस्चार्ज कार्डावर पीएसएच्याही वर छापा.

अजून एक गोष्ट, जरा नाजूक. मला पाकिटात ठेवायला एक कार्ड दिलं होतं, इंग्रजीत. विमानतळावरचा किरणमापक वाजला तर दाखवायचं, एवढं मला कळलं. खाली बारीक अक्षरात अंत्यसंस्कारांबद्दल ओळ होती. मी मॅडमना विचारलं तर सौभाग्यवतींनी मला कोपर मारलं. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २००५ मध्ये या रोपणांबद्दल स्वतंत्र पुस्तिका काढली आहे. त्यात म्हटलंय की आयोडीनच्या रोपणानंतर एक वर्ष उलटलेलं असेल तर दहनाला हरकत नाही. त्याआधी माणूस गेला तर वेगळी खबरदारी घ्यायची. जिवंतपणी या किरणांना अंगातलं मांसच अडवतं. राखेत ते अडवायला काही नसतं.

मी नाशिकचा. रामकुंडावर रोज कुठून कुठून लोक अस्थी घेऊन येतात, सावडताना हाताने वेचलेल्या. माझं वर्ष भरलं त्या दिवसापर्यंत मी ते कार्ड मराठीत लिहून देवघरातल्या पंचांगात ठेवलं होतं: 'मी गेलो तर आधी या नंबरला फोन, मग भटजींना.' मुलगा चिडला होता. पण रावेरच्या अण्णांच्या घरी इंग्रजी वाचणारं कोणी नाही, त्यांच्या सुनेला मी हेच फोनवर लिहून घ्यायला लावलं. हे काम रुग्णालयाचं होतं.

अण्णांचा स्कॅन रोपणानंतर साडेचार महिन्यांनी ठरला, मॅडमनीच मधल्या मध्ये तारीख मिळवून दिली. आदल्या रात्री ते आमच्याकडे मुक्कामाला आले, केळ्यांची फणी घेऊन. सकाळच्या गाडीने दोघे गेलो. खिडकीवर तोच माणूस होता. मला बघून त्याने न विचारताच पान छापून दिलं. अण्णांचा डी-९० आला १३१.

त्यावर पुढे काय, हे डॉक्टर ठरवतायत. अण्णांनी मला गाडीत दोनदा विचारलं, "महिन्यात कळलं असतं तर?" मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आपला,
एक निवृत्त वजनमापे निरीक्षक, नाशिक रोड